तात्यांचं कोपऱ्यावरचं घर

तात्या मालवाहू बोटीवर आचारी आहेत. सहा-सहा महिने पाण्यावर. जमिनीवर त्यांचं घर नाही, भाड्याचंसुद्धा नाही. सुट्टीत बहिणीकडे उतरतात आणि आठवड्याभरात मेहुण्याचं तोंड बघवत नाही म्हणून निघतात. त्यांचं घर म्हणजे ऑनलाइन गेममधलं. तिथल्या आमच्या गल्लीत, कोपऱ्यावर, तळ्याच्या काठाला. तीन वर्षं राबून बांधलेलं.

गेमचा नियम असा, मालक पंचेचाळीस दिवस घरी आला नाही की घर पडतं. सामानासकट. मग रिकाम्या प्लॉटसाठी कोणीही चिठ्ठी टाकायची. ज्याची निघेल त्याचा प्लॉट.

या खेपेला बोटीवर नेट नव्हतं. निघायच्या आधी तात्यांचा फोन आला.

"पोरा, माझा पासवर्ड घे. माझ्या नावाने जा, घरात पाय ठेव, निघ. बास."

"डॉक्टरला सांगा ना. तुमचा शेजारी आहे तो."

"डॉक्टर गोड बोलतो. तू बोलतच नाहीस. म्हणून तुला."

डॉक्टर म्हणजे खरा डॉक्टर नाही, चष्म्याच्या दुकानात आहे. गल्लीत नाव पडलं ते पडलं.

मी गोदामात पॅकिंगला आहे, सुट्टी फक्त रविवारी. दर रविवारी तात्या होऊन जायचो, गल्लीला तसं सांगूनच. झाडांना पाणी घालायचो, दिवे लावायचो, अंगणातल्या बाकावर पाच मिनिटं बसायचो. डॉक्टर कुंपणावरून गप्पा मारायचा. गल्लीच्या म्होरक्या मावशी, शाळेत क्लार्क आहेत त्या, म्हणायच्या, "किती जीव लावतोस रे बाळा!"

घरात मात्र गेलो नाही. एकदाही. माणूस नसताना त्याच्या घरात शिरायचं नाही, हे अंगातच भिनलंय. गेममधलं दार असलं म्हणून काय झालं, कसंतरीच व्हायचं. अंगण म्हणजे घरच की, असं धरून चाललो.

सातव्या रविवारी गेलो तर सपाट माती. मधोमध चिठ्ठ्यांची पेटी आणि पेटीसमोर अख्खी गल्ली रांगेत. मी तात्यांच्या अंगात, तात्यांच्या टोपीत, त्यांच्याच पडलेल्या घरासमोर उभा.

"हे काय?" मी लिहिलं.

"काल पडलं रे," मावशी. "अंगण धरत नाहीत. उंबरा ओलांडावा लागतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मंगळवारपासून घराच्या पाटीवर लाल अक्षरात होतं की."

"मग मला सांगायचं ना! गल्लीच्या ग्रुपवर आहे मी."

"आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल," डॉक्टर म्हणाला.

"मी दर वेळी बाहेरच बसायचो. तू बघायचास."

"दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?"

ग्रुप उघडला. त्या आठवड्यात एकोणचाळीस मेसेज. कुंपणाला निळा रंग द्यायचा की पांढरा. मावशींच्या नव्या पडद्यांना अंगठे. तात्यांबद्दल एक अक्षर नाही.

मग बाहेर पडलो, माझ्या नावाने परत आलो आणि रांगेत लागलो. निघाली चिठ्ठी तर तात्यांना परत देऊ.

"आत्ता आम्हाला अक्कल शिकवत होता," मागून कोणीतरी लिहिलं, "आणि आला बघा!"

मी चिठ्ठी टाकली. चिठ्ठी डॉक्टरची निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तीन आठवड्यांनी बोट बंदराला लागली. तात्यांचा फोन. मागे भांड्यांची आदळआपट.

"कसं आहे माझं घर?"

सांगितलं. काही लपवलं नाही.

"आत का नाही गेलास?"

"तुम्ही नव्हतात."

"अरे गाढवा, मी नव्हतो म्हणूनच तर तुला..." मग म्हणाले, "प्लॉट कोणाला गेला?"

"डॉक्टरला."

"हं. त्याचं कुंपण मीच घालून दिलं होतं." मग, "ठेवतो. भाजी करपेल."

त्यानंतर तात्या गेममध्ये आले नाहीत. मी दोनदा मेसेज केला. वाचला, उत्तर नाही.

गल्ली सोडावी असं रोज वाटतं. सोडत नाही. मी गेलो तर सेहेचाळिसाव्या दिवशी माझ्या मातीवर हीच माणसं रांग लावतील, आणि तेवढं सुख मला त्यांना द्यायचं नाही.