मुखरूचा तपास

पोलिसातून निवृत्त झालेल्या केवळराम रामटेकेंनी १९८४ साली ब्रह्मपुरीत खाजगी तपासाचं काम सुरू केलं. त्याआधी ते रीतसर ठाण्यात विचारायला गेले. जमादार हसला.

"बंदुकीचं लायसन भेटते भाऊ, दारूच्या दुकानाचं भेटते. लोकाइले प्रश्न विचाराचं लायसनच नाई. कायदाच नाई तसा."

"मंग करू का?"

"करा. पन कोनी दार लावलं तं आमच्याकडं येऊ नोका."

पहिलं काम देवकाबाईचं. तिचा नवरा मुखरू तलावात मासे धरायचा. दिवाळीपासून तो बेपत्ता होता. राजुऱ्याच्या खाणीत कामाला गेला असेल, म्हणून सगळ्यांनी विषय सोडला होता.

वैशाखातल्या एका दुपारी केवळराम तिच्या गावात उतरले. पहिलंच घर इसरूचं. तो होळीनंतर गावात राहायला आलेला.

"लायसन हाये का?" इसरूनं विचारलं.

"असं लायसन नसते जी."

"काल आला होता त्याच्यापाशी बी नव्हतं. तो बी मुखरूलेच धुंडून राह्यला होता."

"कोन?"

"कोन जाने. कमरेपासून वला होता."

इसरूनं उंबऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं वाळलेल्या चिखलाची अनवाणी पावलं होती.

पुढच्या घरी अन्नपूर्णा म्हातारी होती. तिला दिसत नव्हतं. केवळरामांनी तिलाही कालच्या माणसाबद्दल विचारलं.

"आला होता नं. आवाज वळखीचा वाटला," ती म्हणाली. "म्हने, मले कोनी पायलं का? म्या म्हनलं, मले काई दिसत नाई बापा. मंग तलावाकडं गेला."

केवळराम तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर चढले. पाणी आटून मधोमध उरलं होतं. पाणी सोडायच्या तुडुंबाजवळच्या चिखलातून जाळ्याचं टोक वर आलं होतं. त्यांनी ते ओढलं. जाळ्यात हाडं होती, आणि एका हाडाभोवती चांदीचं कडं.

पोलीस आले, पंचनामा झाला. जाळ्यात पाय अडकून बुडाला, असं ठरलं. देवकाबाईनं कडं ओळखलं. ती रडली नाही. केवळरामांकडं वळून म्हणाली, "भाऊ, काल दुपारी तुमी येऊन गेले नं?"

"नाई बाई. आजच आलो."

"दार वाजलं होतं. मले ताप होता, उठनं झालं नाई. वाटलं, तुमीच असान. आतूनच म्हनलं, उद्या या."

देवकाबाई घरी गेली, दाराची दोन्ही कवाडं तिनं उघडली आणि उंबऱ्यावर बसली. मुखरूला मातीला नेईपर्यंत केवळराम तिच्या अंगणात बसून राहिले.