एका उन्हाळ्यापुरता

दुकानाच्या काउंटरवर सोलर कंट्रोलरचे दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवलेले पाहिले आणि प्रूफवाल्यांना थोरल्या मेहुणीचं पत्र आठवलं. मेहुणीला ऐकू येत नाही, त्यामुळे फोन नाही. गुडघे धरलेले, त्यामुळे येणं नाही. जे काही ते पोस्टानं. तिनं मोजकंच लिहिलं होतं, 'भाऊजी, हिला समुद्र बघायचाय म्हणालात. अंगणात गाडीला जागा आहे. कधी येताय आणि किती दिवस राहताय, तेवढं कळवा. गादीला ऊन दाखवायला हवं.'

हिवाळ्यात आलेल्या पत्राला उन्हाळा लागला तरी उत्तर गेलं नव्हतं. आधी कंट्रोलर ठरू दे, मग तारीख कळवू, असं ते स्वतःला सांगत आले होते.

"काका, झालं का बघून?" दुकानाच्या मालकिणीनं विचारलं. चष्मा कपाळावर, ॲप्रनला ॲसिडनं पडलेली भोकं. "तुम्ही इतक्या वेळा आलात की गिऱ्हाइकं तुम्हाला माझे भागीदार समजायला लागलीत."

"हा साधा आणि हा भारी. पण दोघांचं काम एकच ना?"

"एकच. गाडीच्या छपरावरच्या पॅनलची वीज बॅटरीला बेतानं पाजायची, पोट भरलं की थांबवायची. भारीवाला ढगाळ दिवशी चार थेंब जास्त काढतो, आणि त्याला पुढं मोठी पॅनलं जोडता येतात. तुमचं पॅनल एक, बॅटरी एक, फ्रीज एवढासा. साधा पुरेल. मागच्या वेळीही हेच सांगितलं होतं."

"आणि सलग दोन दिवस ढग आले तर?"

"तर गाडी चालेल तशी बॅटरी इंजिनावर भरेल. ती सोय मीच करून दिलीय. हेही मागच्या वेळी सांगितलं होतं."

फ्रीज हौसेचा नव्हता. बायकोची दुखण्यावरची इंजेक्शनं थंड ठेवावी लागत. इंजेक्शन चुकलं की ती उशी दातात धरून पडे. तासभरही बसवत नसल्यानं बस, रेल्वे दोन्ही बाद. म्हणून त्यांनी पाव पोचवणारी एक जुनी व्हॅन घेतली, आत पलंग ठोकला, खिडकीला पडदा लावला. वाट दोन दिवसांची होती, रात्रीचा मुक्काम रस्त्याकडेला. सगळं तयार होतं. घोडं फक्त कंट्रोलरपाशी अडलं होतं.

प्रूफवाल्यांचं घोडं जन्मभर असंच अडत आलं. छापखान्यात ते मुद्रितं तपासत. तिसऱ्यांदा वाचल्याशिवाय पानांचा फर्मा छपाईला सोडायचे नाहीत, मग खाली मशीनवाले कितीही बोंबलोत. त्यांच्या हातून गेलेल्या पानात सहसा चूक निघत नसे. पण घरीही तोच न्याय. या घरात उजेड कमी, त्या घराचा जिना उभा, असं करता करता दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत म्हातारी झाली. "आखूडशिंगी, बहुदुधी शोधणारा नवरा मिळालाय मला," ती शेजारणींना सांगे आणि खुदकन हसे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले होते, "येता उन्हाळा धरून चला. पुढचं मी बोलत नाही." ते वाक्य त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी ते कंट्रोलरची माहितीपत्रकं वाचायला बसले.

दुकानाचं दार उघडलं. चौकटीला धरून बायको उभी होती.

"अगं, गाडीतून उतरलीस कशाला? हाक मारायचीस!"

"हाका मारून घसा बसला. आत असलात की तुम्हाला ऐकू येतं कुठं? ताई बरी तुमच्यापेक्षा."

मालकिणीनं घाईनं आपलं स्टूल पुढं केलं. टेकताना बायकोनं डोळे मिटून घेतले, मग उघडले. "काय राहिलंय आता वाचायचं?"

"काकू, तुम्हीच सोडवा आता," मालकीण म्हणाली. "मी सगळ्यांना एकच विचारते. पुढं पॅनल वाढवणार आहात का? चार-पाच वर्षं फिरणार असाल तर भारीच घ्या. नाहीतर साधा."

"वाढवणार," प्रूफवाले घाईघाईनं म्हणाले. "पुढच्या वर्षी दुसरं पॅनल टाकू. मग डोंगराकडं जाऊ, तिकडं ढग असतात, तेव्हा—"

"साधा द्या," बायको म्हणाली. "एका उन्हाळ्यापुरता हवाय."

मालकिणीनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि उगाचच एक वायर गुंडाळायला घेतली.

"तुला कुणी सांगितलं?" प्रूफवाल्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच. दवाखान्यातून आल्यापासून माझ्याशी एकदा तरी भांडलात का? तेव्हाच ओळखलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही वाचत होतात. म्हटलं, वाचू दे. हे ठरेपर्यंत सगळं थांबेल असं वाटत होतं ना तुम्हाला? मलाही वाटायचं थोडं." ती दमली, थांबली. "पण आता डावा पाय उचलवत नाही. मला ताई बघायचीय हो. समुद्र नाही दिसला तरी चालेल."

प्रूफवाल्यांनी भारी डबा उचलला, उलटा करून पाहिला आणि परत ठेवला.

"साधा द्या," ते म्हणाले.

मालकिणीनं तो स्वतःच बसवून दिला. आधी बॅटरीच्या तारा, मग पॅनलच्या. हिरवा दिवा लागला, फ्रीज घुरघुरला. एवढंच काम होतं. निघताना तिनं थट्टा केली नाही. "सावकाश चालवा काका," म्हणाली, "खड्डे बघून."

पोस्ट समोरच होतं. प्रूफवाल्यांनी कागद-पाकीट आणलं आणि व्हॅनच्या उघड्या दारात बसून मांडीवर लिहायला घेतलं. आत ती पडली होती.

"रविवारी पोचतो, असं लिहिलं. तोवर पत्र मिळेल तिला. पुढं?"

"फाटकाजवळच्या कुंड्या हलव म्हणावं, गाडी आत यायला हवी. आणि आम्ही पोचायच्या आधीपासून रडत बसू नकोस म्हणावं."

त्यांनी लिहिलं. "तिनं विचारलंय, किती दिवस राहणार."

तिनं खिडकीचा पडदा बोटानं जरा सारला.

"मी ताईकडंच राहीन आता, असं लिहा," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही ठरवा."

पेन कागदावर टेकवून ते थांबले. मग लिहिलं, 'ती तुमच्याकडंच राहील. माझं अजून ठरलेलं नाही.' खाली सही केली, पाकिटाचा डिंक जिभेनं ओला केला आणि रस्ता ओलांडून ते पेटीत टाकलं. पाकीट तळाशी पडल्याचं ऐकू आलं, तरी हात काही वेळ पेटीच्या फटीतच राहिला.