बिनविरोध निवड

घाटकोपरच्या भटवाडीतल्या पंचक्रोशी नाट्यमंडळाने बरंच काही पाहिलं होतं. नाटकं पडली, नट सिरियलवाल्यांनी पळवले, एकदा तर ऐन प्रयोगात पडदा अर्ध्यावरच अडकून बसला. पण निवडणूक कधी झाली नाही. अध्यक्ष बिनविरोध, सचिव बिनविरोध आणि खजिनदारही बिनविरोध, कारण ते पद कुणालाच नको असायचं. या गोष्टीचा गुणाजी परबला फार अभिमान होता, राज्य नाट्य स्पर्धेत मिळालेल्या उत्तेजनार्थ बक्षिसापेक्षाही जास्त. दुसऱ्या मंडळाचा कुणी भेटला की तो हटकून सांगायचा, ‘आमच्याकडे आजवर मतासाठी एक हात वर गेलेला नाही.’ समोरचा मान डोलवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसा हा अभिमान होता. मूठ उघडून आत काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं.

गुणाजी स्वतः वीसेक वर्षं अध्यक्ष होता. यंदा गुडघ्यांनी जाब विचारायला सुरुवात केली, तेव्हा गणपतीत मंडळाच्या आरतीनंतर त्याने जाहीर करून टाकलं, “मी आता थांबतो. तरुणांनी पुढे यावं.” हे म्हणताना त्याची नजर नितेशवर गेली. नितेश म्हणजे दादूचा मुलगा, आणि दादू म्हणजे गुणाजीचा गिरणीतला सोबती, ज्याच्याबरोबर त्याने हे मंडळ उभं केलं. दादू गेला त्याला बरीच वर्षं झाली. नितेश गोरेगावला एका मालिकेत सहायक दिग्दर्शक होता आणि सुट्टी मिळेल तेव्हा तालमीला यायचा. त्याने अध्यक्षपदासाठी अर्ज भरला. गुणाजीला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

पण चारच दिवसांत आणखी एक अर्ज आला. तो शेवंतीचा होता.

शेवंती मंडळात पहिल्या दिवसापासून होती. दिवसभर साकीनाक्याला प्लास्टिकच्या कारखान्यात उभी राहून काम करायची आणि संध्याकाळी तालमीला हजर. तिने गुणाजीची बायको केली, आई केली, एकदा सासूही केली. दिग्दर्शक म्हणून जाहिरातीत कुणाचंही नाव असो, प्रवेश संपला की नट बघायचे ते शेवंतीकडे. तिने मान हलवली तर पुढे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते कुठेच छापलं गेलं नव्हतं.

दोन अर्ज म्हणजे मतदान. गुणाजीची झोप उडाली. शेजारच्या वसाहतीतलं एक मंडळ असंच मतदानात फुटलं होतं. एकाची दोन मंडळं झाली, दोघांनी दोन नारळ फोडले आणि नाटक मात्र एकानेही केलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे दूध दुसऱ्याचं होतं आणि तोंडही दुसऱ्याचं, तरी गुणाजी फुंकायला लागला. दोघांपैकी एकाला थांबवायला हवं, असं त्याने ठरवलं.

आता कुणाला थांबवायचं? नितेश तरुण, वरून दादूचा मुलगा. तो ‘का’ म्हणून विचारेल, कदाचित रुसेल. शेवंती ऐकेल. ती नेहमीच ऐकत आली होती. बस, एवढ्यावर निर्णय झाला. लायक कोण, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नाही असं नाही. आला होता, पण त्याने त्याला दारातूनच परत पाठवलं.

शेवंती आता नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायची. गुणाजी गेला तेव्हा ती खाली बसून कोलंबी सोलत होती.

“काय रे दादा, आज ह्या बाजूक खंय?” तिने विचारलं. “बस. चाय ठेवतंय.”

“चहा नको. जरा बोलायचं होतं. शेवंती, मंडळाची परंपरा तुला माहीत आहे.”

“माका नाय म्हायत तर कोणाक?”

“आपल्याकडे कधी मतदान झालेलं नाही. दोन नावं आलीत. एकाने थांबायला हवं गं.”

शेवंतीने हातातली कोलंबी ताटात ठेवली, उठली, हात धुतले आणि पदराला पुसले. गुणाजीशी ती एरवी मालवणीतच बोलायची. शुद्ध मराठी तिने दोन गोष्टींसाठी राखून ठेवली होती, एक रंगमंच आणि दुसरं भांडण.

“नितेशला विचारलंस?” ती म्हणाली.

“पोरगा आहे तो. मनाला लावून घेईल. तू समजूतदार आहेस.”

“हो. तेवढी एकच भूमिका मला कायमची मिळाली.” तिने ताट उचलून ओट्यावर ठेवलं. “दादा, मी खुर्चीसाठी नाही उभी राहिले. मला गाऱ्हाणं घालायचं होतं.”

गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेलं साकडं. मंडळाचा रिवाजच तसा होता. प्रत्येक प्रयोगाआधी पडद्यामागे सगळे जमायचे, अध्यक्ष नारळ हातात घेऊन गावच्या देवांना हाक मारायचा, कुणाची जीभ अडखळू नये, कुणाला इजा होऊ नये, आलेल्या माणसांचं मन भरावं असं मागायचा. बाकीचे प्रत्येक मागण्यानंतर एका सुरात म्हणायचे, ‘व्हय म्हाराजा.’

“इतकी वर्षं मी मागे उभी राहून व्हय म्हाराजा म्हणतेय,” शेवंती म्हणाली. “आधी दादूला म्हटलं, मग तुला. एकदा मला पुढे उभं राहून मागायचं होतं. बाईने गाऱ्हाणं घातलेलं आपल्याकडे कुणी ऐकलेलं नाही, ठाऊक आहे मला. म्हणून तर अध्यक्ष व्हायचं होतं. अध्यक्षाला कोण अडवणार?”

त्या क्षणी गुणाजीला लख्ख कळलं की ही बरोबर आहे. ‘मग राहा उभी’ एवढंच म्हणायचं होतं. पण तो एक काम ठरवून आला होता, आणि ठरवून आलेल्या माणसाला समोरचं सत्य म्हणजे आडवी आलेली म्हैस वाटते. तो वळसा घालून पुढे गेला.

“नितेशला सांगू ना आपण. एखाद्या प्रयोगाला घालू दे म्हणून.”

“सांगू म्हणजे परवानगी काढू.” शेवंती हसली, पण ते हसू त्याच्यासाठी नव्हतं. “बरं. घेते नाव मागे. तू सात मजले चढून घरी आलास, तुला रिकाम्या हाताने कसं पाठवू?”

लिफ्ट चालू होती आणि तो लिफ्टनेच आला होता, हे त्याने सांगितलं नाही. खाली उतरताना त्याला हलकं वाटत होतं, अगदी शीळ घालावीशी वाटण्याइतकं. पुढे या गोष्टीची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

सभा रविवारी पालिकेच्या शाळेत भरली. सभासद मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. सचिव हेमांगी हुशार मुलगी, बँकेत नोकरीला, तिने गुणाजीच्या कानाशी येऊन विचारलं, “काका, शेवंतीताईंनी अर्ज मागे घेतला त्याचं कारण काय सांगू? लोक विचारणार ना.”

खरं कारण होतं ‘मी सांगितलं म्हणून’. ते कसं सांगणार? गुणाजी स्वतःच उठला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “आपल्या शेवंतीने तब्येतीच्या कारणाने नाव मागे घेतलंय. त्यामुळे नितेशची अध्यक्षपदी बिनविरोध निवड झाली, असं मी जाहीर करतो.”

टाळ्या पडल्या. तिसऱ्या बाकावर शेवंतीने मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. तिची तब्येत अशी होती की लिफ्ट बंद पडली तर ती बाजाराची पिशवी घेऊन सातव्या मजल्यापर्यंत न थांबता जायची. गुणाजी टेबलावरचं पाणी प्यायला.

मग नितेश बोलायला उभा राहिला. त्याला भाषण करता येत नव्हतं, म्हणून तो मनातलं बोलला.

“खरं सांगू का? मी आज नाव मागे घ्यायलाच आलो होतो. गुणाजीकाका म्हणाले, तरुणांनी पुढे यावं, म्हणून मी फॉर्म भरला. मला वाटलं, कुणीच नाहीये. नंतर कळलं की ताई उभ्या आहेत. ताई असताना मी कोण, यार? मीच त्यांचं नाव सुचवणार होतो आज. पण तब्येतीपुढे काय बोलणार.” त्याने शेवंतीकडे बघून हात जोडले. “ताई, तुम्ही मंडळासाठी खूप केलंत. आता आमची पाळी. अध्यक्ष म्हणून माझा पहिला निर्णय सांगतो. यंदाच्या स्पर्धेत ताईंना उभं करायचं नाही. तालमी, जागरणं, काही दगदग नको. त्यांची भूमिका आपली नवी मुलगी दीप्ती करेल आणि ताई आपल्या सल्लागार राहतील.”

या वेळी टाळ्या जास्त जोरात पडल्या. हेमांगीने गुणाजीसाठी आणलेला पुष्पगुच्छ प्रेमाने नेऊन शेवंतीच्या हातात दिला. एका वाक्यात बाईची अध्यक्षपदाची आशा गेली होती, दुसऱ्या वाक्यात रंगमंच गेला, आणि सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते.

एक वाक्य पुरेसं होतं. ‘ती ठणठणीत आहे, मी खोटं बोललो.’ गुणाजी अर्धवट उठला. हेमांगीला वाटलं, काकांना बोलायचंय. तिने लगबगीने माइक आणून त्याच्या तोंडाशी धरला. सगळे शांत झाले. शेवंतीही बघत होती.

“अभिनंदन,” गुणाजी म्हणाला आणि खाली बसला.

सभा संपल्यावर चहा-सामोशांची गर्दी झाली. गुणाजी वाट काढत बाहेर आला. शेवंती शाळेच्या पायरीवर बसून पायात चपला सरकवत होती.

“मी नितेशशी बोलतो,” तो म्हणाला. “आत्ता जाऊन सांगतो, तुला काही झालेलं नाही.”

“आणि त्याने विचारलं, मग माघार का घेतली, तर?”

आत जायला वळलेला गुणाजी तिथेच थांबला.

“राहू दे,” ती म्हणाली. “आजारीच बरी मी.”

“मला वाटलं गं, मंडळ फुटेल.”

“कोण फोडणार होतं? मी, की तो?”

दोघांपैकी कुणीच नाही. तिथे पायरीवर उभं राहून गुणाजीला ते उमगलं. नितेशने हसत माघार घेतली असती. मतदान झालंच असतं तर शेवंतीने हसत हार पत्करली असती. भीती फक्त त्याला एकट्याला होती. चारचौघांत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आपलं मत दादूच्या मुलाला की शेवंतीला, हे त्याला दाखवावं लागलं असतं. तेवढं टाळण्यासाठी त्याने परंपरेचं नाव पुढे केलं होतं. आयुष्यभर मिरवलेली गोष्ट आपल्या भित्रेपणाची निघावी, याचं त्याला इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले.

“एक विचारते,” शेवंती म्हणाली. “मतदान झालं असतं, तर तुझा हात कुणासाठी वर गेला असता?”

“तुझ्यासाठी,” तो लगेच म्हणाला. हे खरं होतं, आणि बोलल्यावर त्याला वाटलं, निदान एवढं तरी तिला दिलं.

“तेवढंच बघायचं होतं रे मला,” ती म्हणाली. “एक हात. पडले असते तरी चाललं असतं.”

चपलेचा पट्टा लावायला तिने पुष्पगुच्छ त्याच्याकडे दिला. पट्टा लागला, ती उठली, पदर सारखा केला आणि गुच्छ परत न घेता फाटकातून बाहेर पडली.