फायबरचा उंबर

"मावशी, गाणं दोनच मिनिटं हां. आणि आवाज गोड ठेवा, चॅनलवाले आलेत," रतन म्हणाला. रतन म्हणजे नगरसेवक बाबुरावांचा उजवा हात.

"गोड गायाला मी काय जिलबी हाय?" रखमाबाईने पदर खोचला.

गावातली ती शेवटची धवलारीण. लग्नाचे धवले तिने गायल्याशिवाय इथल्या आगऱ्यांचा नवरा बोहल्यावर चढत नसे.

ठाकुर्लीजवळ, गावच्या जुन्या खळ्यावर, बाबुरावांनी 'अवघे डोंबिवलीकर उद्यान' उठवलं होतं. आज त्याचं उद्घाटन होतं. शहरात येऊन वसलेल्या प्रत्येक समाजाला एक वाफा, वाफ्यात एक फायबरचा पुतळा. मूर्तिकाराकडे साचा एकच. त्यामुळे मल्याळी नावाडी, सिंधी व्यापारी, गरबा खेळणारी गुजरातीण, सगळ्यांना एकच तोंड. बाईच्या मिशा तेवढ्या घासून काढलेल्या. आणि तोंड कुणाचं? खुद्द बाबुरावांचं! खोटं वाटतं? कावळ्यांना विचारा, नेम धरून त्याच डोक्यांवर बसतात.

मूळ गावकऱ्यांचा वाफा संडासाशेजारी. तिथला गावचा उंबर उद्या कापणार होते. फळं पडून पुतळ्यांचा रंग बिघडतो म्हणे. आणि परवा रखमाबाईच्या नातीचा, शिवानीचा, मांडव. गावात मांडवाची पहिली मेढ, म्हणजे मुख्य खांब, याच उंबराची. रखमाबाईचीही याचीच होती.

तिच्याकडे एकच हत्यार होतं. धवल्यांत व्याह्याला शिव्या घालायचा मान धवलारणीचा. आणि शिव्या खाल्लेल्या व्याह्याने ती मागेल ते द्यायचं. बाबुराव तिचा व्याही नव्हता, पण याच गावचा; रीत त्याला ठाऊक होती. त्याच्या लग्नात त्याच्या बापाने असंच मुकाट लुगडं काढून दिलं होतं.

माईक हातात आला.

"आला गो आला, याही आला मोठा,
पोट त्याचा पुढं, अकलंचा तोटा!
खळा खाल्ला, गाव खाल्ला, भूक नाय सरं,
मांडवाची मेढ चावतो, लाज नाय बरं!"

पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. चॅनलवाली पोरगी "वॉव" म्हणाली. बाबुराव तेवढे कानापर्यंत लाल झाले. त्यांना कळलं होतं.

"माग मावशी, काय मागतेस?"

"यो उंबर ठेव."

बाबुरावांनी माईक ओढला. "दिला! असाच्या असा उंबर इथे उभा करू. फायबरचा! पान गळणार नाही, फळ पडणार नाही. आपली संस्कृती अमर!"

टाळ्या. शाल. नारळ.

सकाळी करवत सुरू झाली तेव्हा रखमाबाई शाल घेऊन हजर. वाफ्यात आगरी बाईचा पुतळा होता, तेच तोंड. तिने शाल त्याच्या खांद्यावर टाकली.

"घे रं बाबुराव. तुजा मान तुलाच."

आडव्या पडलेल्या उंबराची एक सरळ फांदी निवडून तिने डोक्यावर घेतली. फाटकाशी वॉचमनने काठी आडवी घातली.

"आजी, पानं-फुलं तोडायला बंदी आहे. बोर्ड दिसत नाय काय?"

मागे करवत चालूच होती.

"सर बाजूला. मांडवाला चाललीय ती."

काठी खाली आली. पानं वॉचमनच्या टोपीला घासत पुढे गेली. फांदीचा पांढरा चीक रखमाबाईच्या कपाळावरून ओघळत होता. दोन्ही हात फांदीला होते; तिने तो पुसला नाही.