लेटेस्ट म्हणजे कुठली

“ग्रहांची नावं कशी वाटतात?” म्होरक्या म्हणाला. “म्हणजे बघा, मंगळ म्हणजे काम चालू, गुरू म्हणजे पाठवायला तयार. लक्षात राहायला सोपं.”

“आणि शनी?” कुणीतरी विचारलं.

“शनी पॅकिंगला ठेवू.”

टेबलाभोवती हशा पिकला. साहेबही हसले. पॅकरबाई हसली नाही. तिचा फोन टेबलावर पालथा पडला होता आणि एकसारखा थरथरत होता. कोण करतंय हे न बघताही तिला ठाऊक होतं. काल दुपारपासून ज्यांची मशीन मुकी झाली होती, त्यांतलंच कुणीतरी.

कंपनी लहान होती. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम ही मंडळी बनवत. कोड लिहिणाऱ्या पोरांचा पुढारी म्हणजे हा म्होरक्या. त्यांनी लिहिलेलं गोळा करायचं, जुन्या-नव्या मशीनवर नीट बसेल असं बांधायचं, वर कंपनीची डिजिटल मोहोर उमटवायची, जिच्याशिवाय कुठलंही मशीन ते आत घेत नसे, आणि पाठवून द्यायचं, हे काम एकट्या बाईचं. म्हणून ती पॅकरबाई. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. नोकरीला लागली तेव्हा तिच्या डोक्यावर एक पांढरा केस नव्हता. आता तिने मोजायचं सोडून दिलं होतं.

एकाच प्रोग्रॅमच्या बऱ्याच प्रती एका वेळी चालू असतात. एकीत नवे प्रयोग, दुसरीत दुरुस्त्या, तिसरी लोकांकडे जाणारी. या प्रतींना ब्रँच म्हणतात, आणि प्रत्येक ब्रँचला नाव लागतं. पॅकरबाईने मागेच एक साधी पद्धत सुचवली होती: आधी काम कुठवर आलंय ते लिहायचं, मग तिरकी रेघ, मग ते कुठल्या मशीनसाठी आहे ते. कच्चं, रेघ, नवी मशीन. तपासलेलं, रेघ, जुनी मशीन. वाचलं की कळलं. साहेबांनी ते बघून “एवढं लांबलचक कोण टाइप करत बसणार” म्हटलं होतं आणि लोकांकडे जाणाऱ्या ब्रँचचं बारसं स्वतःच उरकलं होतं. लेटेस्ट.

पॅकरबाईच्या लेखी लेटेस्ट म्हणजे सगळ्यात अलीकडे तपासलेली. पोरांच्या लेखी सगळ्यात अलीकडे लिहिलेली. हे दोन अर्थ कैक वर्षं एका घरात सुखाने नांदले, कारण पोरं कच्चं काम दुसरीकडे ठेवत. गेल्या आठवड्यात कामाची घाई झाली आणि त्यांनी ते सरळ लेटेस्टमध्येच ओतायला सुरुवात केली. तिला कुणी सांगितलं नाही. काल तिने विचारलंही होतं, “कुठली उचलू?” म्होरक्या तेव्हा दुसऱ्याच कुणाशी फोनवर बोलत होता.

“लेटेस्ट,” तो म्हणाला होता.

“लेटेस्ट म्हणजे कुठली?”

“अहो बाई, लेटेस्ट म्हणजे लेटेस्ट.”

सकाळी तपासलं होतं ते एक. मधल्या वेळात पोरांनी त्यात नवं कच्चं काम ओतलं. दुपारी तिने बांधून पाठवलं ते दुसरंच. अपडेट आपोआप सगळीकडे पोचलं आणि ठिकठिकाणची मशीन बोलायची थांबली.

पहिला फोन ऑपरेटरचा आला होता. एका इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत तो बसायचा. जन्मापासून आंधळा. रुग्णाचं नाव टाइप केलं की मशीन त्याच्या कानात वॉर्ड सांगायचं आणि तो समोरच्याला सांगायचा. प्रोग्रॅममध्ये काही खुट्ट झालं तरी तो थेट तिलाच फोन करी, आणि बोलणं कामावरून भलतीकडे वाहवत जाई. त्याच्या मुलीच्या लग्नाला ती नवऱ्याला घेऊन गेली होती. आज सकाळीही त्याचाच फोन. “ताई, काल कसंबसं निभावलं. आज रांग मोठी आहे.”

“अकराच्या आत होईल, भाऊ. दुरुस्ती तयारच आहे, फक्त मोहोर बाकी आहे.”

“बघा हं. तुमच्या भरवशावर बसतो.”

आणि आता अकरा वाजत आले होते आणि इथे ग्रहमाला चालली होती.

“साहेब,” पॅकरबाई म्हणाली, “नावं संध्याकाळी ठरवू. दुरुस्ती मी आणि टेस्टरने पहाटेपासून बसून तपासली आहे. मोहोर लावते आणि पाठवते.”

“लावा ना. तुम्हाला कुणी अडवलंय?” साहेबांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “एवढं बघून घ्या फक्त. दुरुस्तीबरोबर सगळ्या ग्राहकांना हे जाईल.”

तिने वाचलं. पॅकिंग विभागातील कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे. संबंधितांना समज देण्यात आली आहे.

तिने पुन्हा वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

“त्यात तुमचं नाव कुठे आहे, बाई? उगाच मनाला लावून घेऊ नका.”

“पॅकिंग विभागात आहे कोण? मी आणि माझी खुर्ची.”

म्होरक्या खिडकीबाहेर बघू लागला. ती त्याच्याकडे वळली. “तू सांग. काल मी तुला विचारलं होतं की नाही?”

“विचारलं होतं,” तो म्हणाला. “पण बटण तुम्ही दाबलंत ना.”

“दाबलं. दाबलं मी. तुम्ही विहिरीवर ‘घागर’ अशी पाटी लावायची, आणि मी आत पडले की म्हणायचं, पाय हिचा घसरला.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि खोलीतली कुजबुज थांबली. “निष्काळजीपणा. या कंपनीत एवढी वर्षं काळजीच करत आले. हा शब्द काढा. तोवर मोहोर लागणार नाही.”

“म्हणजे अडवणूक करताय तुम्ही?”

“काय म्हणायचं ते म्हणा.”

ती उठून आपल्या जागेवर आली. मोहोर उमटवायची किल्ली, अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह, पर्समध्ये टाकून तिने चेन ओढली. राग होताच, पण आत कुठेतरी बरंही वाटत होतं. इतकी वर्षं तिने मान खाली घालून बांधाबांध केली होती. ज्यांना तिच्याशिवाय चालत नव्हतं त्यांना आज पहिल्यांदा ते कळत होतं. फोन थरथरला. ऑपरेटर. तिने तो उचलला नाही. काय सांगणार होती? झालं की सांगू, असं मनाशी म्हणत तिने फोन खणात सारला.

साहेब वकिलाशी बोलतो म्हणाले. मग वकील जेवायला गेला. मग साहेब जेवायला गेले.

दुपारी तिने घरी फोन लावला. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. आज घरीच होता. सगळं ऐकून तो भडकला.

“चोर सोडून संन्याशाला फाशी. अजिबात मागे हटू नकोस. एकदा कागदावर निष्काळजी म्हणून आलं ना, की उद्या दुसरी नोकरी बघायची वेळ आली तर दारात उभं करणार नाही कुणी.”

“तेच म्हणते मी.”

“आई काहीतरी विचारतेय. घे.”

सासूबाईंना फोनवर ओरडूनच बोलायची सवय होती. “अगं, ते तुझे फोनवाले भाऊ, त्यांचं मशीन झालं का सुरू?”

“नाही अजून.”

“मग?”

“मग काय, आई. शब्द बदलला की करते.”

“दोन रेड्यांची झुंज,” सासूबाई म्हणाल्या, “आणि झाडांचा काळ.” मग त्यांनी फोन मुलाच्या हाती दिला.

पॅकरबाईला सासूबाईंचाही राग आला. सगळ्यांनी तिलाच शहाणपणा शिकवायचा. साहेबांना कुणी फोन करत नव्हतं. एक शब्द खोडायला किती वेळ लागतो? त्यांनी खोडला असता तर अकराला काम संपलं असतं. उशीर ते करत होते, ती नव्हती. तिने हे मनात इतक्या वेळा घोळवलं की शेवटी त्याचा अर्थच झिजून गेला.

दुपारच्या चहाला साहेब तिच्या टेबलाशी आले. एका मोठ्या ग्राहकाने करार मोडायची धमकी दिली होती. साहेबांचा चेहरा उतरला होता.

“हे घ्या. बघा.”

नवा मजकूर छोटा होता. ब्रँचच्या नावांबाबत कंपनीत स्पष्ट नियम नसल्यामुळे न तपासलेलं अपडेट आपल्यापर्यंत पोचलं. ही चूक संपूर्ण कंपनीची आहे.

“आणि नावांचं?” तिने विचारलं.

“तुमचीच पद्धत. तिरकी रेघ आणि सगळं. आजपासून.” मग म्हणाले, “माणसाने तुटेपर्यंत ताणू नये, बाई.”

“ते माणसाला आधी कळायला हवं होतं, साहेब.”

तिने किल्ली लावली, मोहोर उमटवली, पाठवलं. पडद्यावर मशीनमागून मशीन जागं झाल्याच्या हिरव्या खुणा येऊ लागल्या. मग तिने स्वतःच्या हाताने लेटेस्ट हे नाव काढून टाकलं आणि तिथे लिहिलं: तपासलेलं, रेघ, नवी मशीन. टेस्टरने लांबून अंगठा दाखवला. म्होरक्याने मान खाली घातली. ती जिंकली होती. राग मात्र तसाच होता.

ऑपरेटरला फोन केला, लागला नाही. इस्पितळ घरच्या वाटेवरच होतं. समोरासमोरच सांगू, म्हणून ती तिथे उतरली.

चौकशीच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. तिने रजिस्टरमधून मान वर न करता सांगितलं, “ते का? ते मागे धुलाईच्या खोलीत असतील. डाव्या हाताला शेवटचं दार.”

खोलीत वाफेचा आणि साबणाचा वास होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल, त्यावर धुतलेल्या चादरींचा ढीग. ऑपरेटर उभ्याने घड्या घालत होता. इस्त्रीचा सदरा, वरचं बटण लावलेलं, खिडकीत बसायचा तसाच.

“भाऊ, मी.”

“ओळखलं चालीवरून.” हात थांबले नाहीत. “झालं म्हणे सुरू. शिपाई सांगून गेला.”

“तुम्ही इथे कसे?”

“रांग होती. मशीन गप्प. लोक खोळंबलेले. म्हटलं, वॉर्ड तोंडपाठ आहेत, आठवणीनं सांगू. एका म्हाताऱ्या माणसाला वरच्या मजल्यावर पाठवलं. त्याची बायको काल रात्री खाली हलवलेली. जिने चढून गेला, धापा टाकत खाली आला. जेवणाच्या सुट्टीआधी मोठे डॉक्टर फेरीवर होते, त्यांच्यासमोरच. ते म्हणाले, यांना आराम द्या.” त्याने चादर झटकली. “आराम मी मागितला नव्हता.”

“उद्या परत बसाल तुम्ही. मशीन आता—”

“खिडकीत नवी मुलगी रुजू झाली, ताई. तिला मशीन लागत नाही.”

पॅकरबाईला वाटलं, साहेबांचं नाव घ्यावं, म्होरक्याचं घ्यावं, ती निष्काळजीपणाची ओळ वाचून दाखवावी. हे सगळं खरं होतं. बोलून झालं असतं तर तोही त्यांच्यावर चिडला असता आणि दोघं मिळून चिडले असते.

“दुरुस्ती सकाळीच तयार होती, भाऊ,” ती म्हणाली. “मीच अडवून धरली. त्यांनी माझ्यावर ठपका ठेवला होता, तो काढेपर्यंत.”

आता त्याचे हात थांबले.

“किती वाजता तयार होती?”

“तुम्हाला सांगितलं तेव्हाच.”

“आणि मी फोन करत होतो तेव्हा?”

“फोन खणात होता.”

त्याचा चेहरा तिच्या दिशेला वळला. तिने त्याला चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत फोनवर आवाज वर गेला नव्हता, आणि आताही गेला नाही.

“निघाला का ठपका?”

“निघाला.”

“छान झालं,” तो म्हणाला. “तुमचं बरोबरच असेल. तुम्ही उगाच भांडणाऱ्या नाही. पण मला सांगायचं होतं, ताई. अकराला होणार नाही, एवढं सांगायचं. मी खिडकी बंद करून चहाला गेलो असतो. भरवशावर बसून राहिलो.”

ढिगातून त्याने पुढची चादर ओढली. ती मोठी होती आणि एक टोक जमिनीकडे घसरलं. तिने पुढे होऊन ते उचललं.

“सोडा ते. मला जमतं.”

तिने सोडलं.

त्याने बोटांनी काठ चाचपत कोपरा शोधला, कोपऱ्याला कोपरा लावला आणि हाताच्या पाठीने सुरकुती मोडली. बाहेर चौकशीच्या खिडकीवर फोन वाजला. त्याचा उजवा हात चादरीवरून उठला आणि हवेत अर्ध्यात थांबला. फोन वाजतच राहिला. मग खिडकीतल्या मुलीने तो उचलला, आणि त्याने पुढची चादर घेतली.