पंपाखालचं भोक

आवाज चढवायची आमच्या घराण्याची सवयच आहे. त्या दिवशी हर्सूलजवळ आमचा ट्रक तापला, केबिनखालून वाफा निघाल्या आणि मी ती सवय मनसोक्त वापरली.

"पाणी बघायची अक्कल नाय, अन् म्हणं तीस वर्षं गाडी चालवली!"

चहाच्या टपरीवर आठ-दहा ड्रायव्हर बसले होते, त्यांना ऐकू जाईल असं बोललो. पुंजारामकाका माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे ड्रायव्हर. मला स्टेअरिंग त्यांनीच शिकवलं, आजही मालक न म्हणता शिवराज म्हणूनच हाक मारतात. ते टोपी काढून घाम पुसत राहिले.

ट्रक ओढत चिकलठाण्याला फकिरा मिस्त्रीकडे नेला. फकिराने बेल्ट काढला, वॉटर पंप सोडवला, हलवून बघितला. बेअरिंग खडखडत होतं. मग पंप उलटा केला आणि तो थांबला.

"हे एम-सील कुणी थापलं?"

पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी ठिबकतं. पंप बदलायचा तो इशारा. "भोक बुजवलं की पाणी बेअरिंगात शिरतं," फकिरा म्हणाला. "कुण्या शहाण्याचं काम हाय?"

तो शहाणा मीच. चार महिन्यांपूर्वी काका म्हणाले होते, पंप ठिबकतोय, बदलून घेऊ. मी म्हणालो, तुम्हाला लई शंका. स्वतः एम-सील मळलं, लावलं आणि वर त्यांना ऐकवलं, "बघा, थांबलं का नाय?"

आता ते माझ्या शेजारीच उभे होते. 'मी' म्हणायलाच तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"काय की. गाडी काकांच्या ताब्यात असती."

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "व्हय, माझंच काम," ते म्हणाले.

नवा पंप बसला. इंजिन चालू ठेवून काका रेडिएटरमध्ये कूलंट ओतू लागले. आतली हवा बुडबुड्यांनी वर येई, पातळी खाली जाई, की ते पुन्हा थोडं ओतत. अर्धा तास हे चाललं आणि अर्धा तास मला माझीच लाज वाटत राहिली. तोंड लपवायला जागा नव्हती. बुडबुडे थांबले, झाकण लागलं, काका हात धुवायला नळाकडे गेले. तेव्हा कुठे मी फकिराजवळ सरकलो.

"मिस्त्री, ते एम-सील मी लावलं होतं."

"ठाऊक हाय." तो पाने पुसत होता. "तवाच गाडी घेऊन आला व्हता पुंजाराम. मी म्हणलं, काढून टाकतो. तर म्हणला, शिवराजनं हौसंनं लावलंय, त्याला इचारल्याबिगर नाय."

त्यांनी विचारलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा मी फोनवर होतो आणि हातानेच त्यांना गप्प केलं होतं.

"मग मघाशी कशाला विचारलंत?"

"तुम्ही काय सांगता ते बघाया."

काका पंच्याला हात पुसत आले. मी त्यांच्याकडे न बघताच म्हणालो, "काका, चुकलो मी. जाताना हर्सूलच्या त्या टपरीवर थांबू. सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी होती."

काका केबिनमध्ये चढले. दार ओढून घेत म्हणाले, "तिथली माणसं कवाच पांगली असतील, मालक."