चार नंबरची टाकी

टाकी गळायला लागली त्याच दिवशी गावाचं इंटरनेट बंद झालं. कारखाना म्हणाला, योगायोग. असले योगायोग कारखान्याला बरे वेळेवर सुचतात.

मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या ताईने मात्र वेबसाइट काढलीच. एकच पान: टाकीला गेलेल्या तड्याचा फोटो आणि खाली चार ओळी. त्या साइटला नेट लागत नव्हतं. दोन फोन शेजारी आले की साइट एकातून दुसऱ्यात आपोआप उतरायची, आणि मुळात ती कुणी काढली याचा पत्ता लागत नसे. फोटो तिच्या धाकट्या भावाने काढलेला. तो कारखान्यात फिटर होता. त्याच्याआधी एका वेल्डरने असाच फोटो काढला होता. त्याला साहेबांनी आत बोलावून घेतलं. त्याची बायको अजून फाटकाशी जाऊन बसते.

मग कारखान्याने फाटकावर फलक लावला: साइटवरची चार नंबरची टाकी केव्हाच भंगारात गेली, सगळ्या थापा आहेत. लोक हसले. ताईने घाईघाईत सातऐवजी चार लिहिलं होतं. भाऊ म्हणाला, राहू दे, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण हातून चुकीचं काम गेलं की ताईला घास गोड लागत नसे. सकाळी दुकान उघडताच तिने आकडा सुधारला. आता फोनाला फोन भेटेल तशी जुनी साइट जाऊन नवी येणार होती.

पहिलं गिऱ्हाईक निघालं कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. फोन चार्ज होत नाही म्हणाला. ताईने त्याचा फोन आपल्या फोनाशेजारी ठेवून केबल लावली. चार्जिंग व्यवस्थित होत होतं. तिने तसं सांगितलं.

त्याने फोन उचलला, साइट उघडली आणि सावकाश वाचली.

"फलक मीच लिहिला," तो म्हणाला. "तेव्हापासून हा फोन घेऊन दारोदार फिरतोय. सगळीकडे चारच राहिले. इथे सात झाले."

भावाला वाचवायचं, एवढंच ताईला सुचलं. फोटोही आपणच काढला, असं ती म्हणाली.

"टाकीपर्यंत बाहेरच्या माणसाला जाता येत नाही, ताई." त्याने तिचा फोन आपल्या खिशात टाकला, स्टूल ओढलं आणि दाराकडे तोंड करून बसला. "रात्रपाळी सुटली की तुमचा भाऊ चहाला इथेच येतो ना? थांबतो मी."